चार दिवसांची शाळा : पैसे खरंच किती वाचतात, हे कागदावर कसं तपासायचं

बजेट समितीच्या बैठकीत पडद्यावर पहिलीच स्लाइड आली ती आठवड्याच्या पाच चौकोनांची. शुक्रवारच्या चौकोनावर फुली आणि खाली ठळक अक्षरांत ‘20 टक्के बचत’. त्याखाली बारीक टाइपात ‘वाहतूक, जेवण व ऊर्जा या खात्यांत, कमाल’ असंही लिहिलं होतं, पण ते मागच्या रांगांतून वाचता येत नव्हतं. दोन दिवसांत सगळीकडे झालं की शाळेचा खर्च पाचव्या हिश्श्याने उतरणार आणि आता प्रॉपर्टी टॅक्स वाढवायची गरज नाही.

त्या आकड्याचा तळ गाठायला आम्हाला सहा आठवडे लागले आणि उत्तर आलं एका टक्क्याच्याही आत. गणित अवघड नव्हतं. आम्ही कागद चुकीच्या क्रमाने मागवत गेलो, म्हणून वेळ गेला. अमेरिकेत तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टपुढे, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेपुढे, असा प्रस्ताव आला असेल, मग तुम्ही पालक असा, तिच्या बोर्डावर असा किंवा नुसते करदाते, हा हिशेब तुम्हालाही करता येतो. एक स्प्रेडशीट आणि थोडा चिवटपणा पुरतो.

आधी अपेक्षा जमिनीवर आणा

कल्पना जुनीच आहे. 1973-74 च्या तेलटंचाईत न्यू मेक्सिकोतल्या सिमारॉन डिस्ट्रिक्टने इंधन वाचवण्यासाठी चार दिवसांचा आठवडा घेतला. 2008 नंतरच्या मंदीत ही पद्धत झपाट्याने पसरली आणि 2023 पर्यंत देशभरात जवळपास 900 डिस्ट्रिक्ट या वाटेने गेले होते. त्यातले बहुतेक लहान, ग्रामीण, लांब लांब पसरलेले. कोलोरॅडोत तर निम्म्याहून जास्त डिस्ट्रिक्ट चार दिवसांवर आहेत.

एवढ्या अनुभवानंतर बचतीचा आकडा अगदीच अंधारात नाही. 2011 साली एज्युकेशन कमिशन ऑफ द स्टेट्स या संस्थेने सहा डिस्ट्रिक्टचे हिशेब तपासले होते. सगळी गृहीतकं अनुकूल धरली तर कागदावरची कमाल बचत येत होती 5.43 टक्के. हाती लागणारी बचत निघाली 0.4 ते 2.5 टक्के. मधला पैसा कुठे गळतो ते शोधायचं आहे.

पहिला कागद : राज्याचा नियम

आम्ही बसच्या डिझेलपासून सुरुवात केली, ती चूक. आधी बघायचं ते हे की तुमच्या राज्यात शाळेचं वर्ष दिवसांत मोजतात, तासांत मोजतात की दोन्हींत.

मिझुरीत वर्षाला 1,044 तास भरावे लागतात. टेक्ससने 2015 साली 180 दिवसांची अट काढून 75,600 मिनिटांची आणली आणि त्यानंतर तिथे चार दिवसांच्या शाळा वाढल्या. ओक्लाहोमाने उलट दिशेने पाऊल टाकलं : 2019 च्या कायद्याने 1,080 तासांबरोबर किमान 165 दिवसांची अटही घातली. ज्यांना चार दिवसच ठेवायचे त्यांना वेगळे निकष पूर्ण करावे लागतात. न्यू मेक्सिकोने 2023 साली सगळ्याच इयत्तांसाठी 1,140 तास केले.

बजेटशी याचा संबंध सरळ आहे. 1,044 तास 174 दिवसांत भरायचे तर रोज सहा तास लागतात. तेच 148 दिवसांत भरायचे तर रोज सात तास आणि वर तीनेक मिनिटं. म्हणजे दिवस कमी झाले तरी शिकवायचे तास तेवढेच राहिले. दिवे रोज तासभर जास्त जळणार, आणि शिक्षकांना ‘तुमचं काम कमी झालं, पगार कमी करतो’ असं कुणी म्हणू शकणार नाही.

प्रत्यक्षात तास थोडे घटतातच. रँड या संशोधन संस्थेने 2021 च्या अहवालात असं दाखवलं की चार दिवसांच्या शाळांचा दिवस सरासरी 50 मिनिटांनी मोठा असला तरी वर्षभरात मुलं 58 तास कमी शाळेत असतात. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, नंतर लागेल.

प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न : हा कशावर चालतो?

आता डिस्ट्रिक्टचं अंदाजपत्रक घ्या. सारांश घेऊ नका, मागच्या वर्षी प्रत्यक्षात झालेला खर्च पोटखात्यांसह मागा. तो सार्वजनिक असतो. लेखी अर्ज केला की मिळतो, कधी कधी दुसऱ्या अर्जानंतर.

प्रत्येक ओळीसमोर पाचांपैकी एक शब्द लिहायचा : दिवस, तास, मैल, ताट किंवा वर्ष. बदली शिक्षकाचा खर्च दिवसावर चालतो. ताशी वेतनावरच्या मदतनिसाचा तासावर. डिझेल मैलावर. दूध, भाजी, ब्रेड ताटावर. आणि मुख्याध्यापकांचा पगार, इमारतीचा विमा, कर्जरोख्यांचं व्याज, सॉफ्टवेअरचं लायसन, लेखापरीक्षण हे सगळं वर्षावर.

शुक्रवार काढला की दिवस, मैल आणि ताट यांवरचे खर्च हलतात. तासावरचे हलतात की नाही हे करारावर अवलंबून. वर्षावरचे ढिम्म राहतात. आमच्या यादीत दोनशेच्या वर ओळी होत्या आणि ‘वर्ष’ हा शब्द लिहून लिहून हात दुखला. अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं होतं.

उदाहरणासाठी एक कल्पित डिस्ट्रिक्ट घेऊ. 2,000 मुलं, वर्षाचा खर्च 3 कोटी डॉलर. त्यातले अध्यापन, समुपदेशन, कार्यालयं वगैरेंवर 246 लाख, इमारती चालवण्यावर 27 लाख, वाहतुकीवर 15 लाख आणि जेवणावर 12 लाख. आकडे माझे, पण प्रमाण देशातल्या सर्वसाधारण शाळांच्या जवळपासचं आहे. स्लाइडवरची 20 टक्के शेवटच्या तीन खात्यांना लावली तर 54 लाखांवर 10.8 लाख, म्हणजे एकूण खर्चाच्या 3.6 टक्के. आता हा आकडा सोलत जाऊ.

पगार : जिथे पैसा आहे तिथे हात पोहोचत नाही

अमेरिकन शाळांच्या चालू खर्चातले साधारण 80 टक्के पगार आणि लाभांवर (विमा, निवृत्तिवेतन वगैरे) जातात. शिक्षकांचा करार वार्षिक असतो. तास तेवढेच राहिले तर तो बदलत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पगाराला हात लावला की काय होतं ते हवाईने दाखवलं. तिथे सगळं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. 2009-10 साली शिक्षकांना बिनपगारी रजेवर पाठवून 17 शुक्रवार शाळा बंद ठेवल्या. पैसे खरोखर वाचले, कारण पगारच कापला होता. मुलांच्या वाट्याला 163 दिवसांचं वर्ष आलं, देशात सगळ्यात लहान. पालकांनी गव्हर्नर लिंडा लिंगल यांच्या कार्यालयात ठिय्या दिला आणि पुढच्या वर्षासाठी चक्रीवादळ मदतनिधीतून पैसे काढून ते शुक्रवार परत आणावे लागले.

तेव्हा प्रस्तावात ‘वेतन’ या शब्दापुढे बचतीचा आकडा दिसला तर एवढंच विचारायचं : कुणाचं? उत्तर बहुतेक वेळा बसचालक, स्वयंपाकघरातल्या बायका आणि सफाई कर्मचारी हेच असतं, कारण ताशी वेतनावर तेच असतात.

त्यांचं गणित जवळून बघा. एक बसचालक सकाळ-दुपार मिळून दिवसाला सहा तास काम करतो, आठवड्याला तीस. शुक्रवार गेला की चोवीस. आरोग्यविम्याच्या संघीय कायद्यात आठवड्याला 30 तास म्हणजे पूर्णवेळ. त्याचा पगार पाचव्या हिश्श्याने घटतो आणि वर विमाही जाऊ शकतो. डिस्ट्रिक्टच्या स्प्रेडशीटमध्ये ही बचत दिसते. पण बसचालक मिळवणं आधीच कठीण झालेलं असताना त्यातले दोन-तीन ट्रक चालवायला निघून गेले, तर नव्या चालकाचं प्रशिक्षण, परवाना, ओव्हरटाइम हे सगळं कुठल्या ओळीत येतं, तेही विचारा. काही डिस्ट्रिक्ट या लोकांना लांबलेल्या दिवसात किंवा शुक्रवारच्या दुसऱ्या कामात तास भरून देतात. ते मला योग्य वाटतं, मात्र मग ती बचत यादीतून पुसायला हवी. दोन्ही एकाच वेळी दाखवता येत नाही.

बस

वाहतुकीचे 15 लाख फोडले तर आपल्या कल्पित डिस्ट्रिक्टमध्ये नेहमीच्या फेऱ्यांच्या चालकांची मजुरी 5 लाख आणि त्या फेऱ्यांचं डिझेल, टायर, मैलांवरची दुरुस्ती अडीच लाख निघते. उरलेल्या साडेसात लाखांत गाड्यांची खरेदी, विमा, तपासणी, गॅरेज, लाभ, खेळांच्या सहली आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या स्वतंत्र फेऱ्या येतात. यातलं शुक्रवारमुळे काही हलत नाही. ज्या मुलांना दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत किंवा व्यवसाय-शिक्षण केंद्रात न्यावं लागतं, तिथे पाच दिवस शाळा असते, त्यामुळे ती व्हॅन शुक्रवारीही निघतेच.

साडेसात लाखांचे 20 टक्के म्हणजे दीड लाख. इथे बहुतेक प्रस्ताव थांबतात. पण अनेक राज्यं वाहतुकीच्या खर्चाचा काही भाग भरून देतात. मिझुरीत कायद्याने मान्य खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत. खर्च घटला की ती भरपाईही घटते, म्हणजे वाचलेल्या डॉलरमधला मोठा तुकडा राज्याच्या तिजोरीत राहतो. आपल्या उदाहरणात राज्य निम्मं देतं असं धरू. उरले 75 हजार.

बससेवा ठेकेदाराकडे असेल तर करार काढून ‘किमान दिवस’ असं कलम शोधा. फेऱ्या झाल्या नाहीत तरी ठरावीक दिवसांचे पैसे द्यायचे असं त्यात असेल, तर करार संपेपर्यंत या ओळीत शून्य लिहा.

इमारत आणि विजेचं बिल

आमच्या समितीतल्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनने इथे सगळ्यांचे डोळे उघडले. त्याने एका प्राथमिक शाळेची बारा महिन्यांची विजेची बिलं टेबलावर पसरली आणि प्रत्येकातल्या दोन ओळींखाली रेघ मारली. एक ओळ महिन्याभरात किती युनिट जळली त्याची. दुसरी मागणी-आकाराची : महिन्यातल्या कुठल्याही एका पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त भार किती होता, त्यावर लावलेली. काही महिन्यांत ही दुसरी ओळ बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती.

मग त्याने ती पंधरा मिनिटं कधी येतात ते दाखवलं. हिवाळ्यात सोमवारी पहाटे, शनिवार-रविवार गारठलेल्या इमारतीत हवा खेळवणारी यंत्रं एकदम सुरू होतात, त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या विजेच्या भट्ट्या पेटतात. शुक्रवार बंद ठेवला तर युनिट कमी होतील, पण सोमवारची ती पाव तासाची उसळी तिथेच राहील. तीन दिवस थंड पडलेली इमारत तर आणखी जोर मागेल.

शिवाय इमारत ‘बंद’ म्हणजे अंधारी नसतेच. पाइप गोठू नयेत म्हणून तापमान एका मर्यादेखाली जाऊ देता येत नाही. फ्रीझर चालू राहतात, कार्यालय उघडं असतं, संध्याकाळी जिममध्ये सामना असतो. ‘शुक्रवारी इमारतीत कोण असेल?’ असं विचारून तासवार यादी मागा. जी इमारत पूर्ण रिकामी ठेवता येईल तिचीच बचत धरा. शुक्रवारचे सगळे कार्यक्रम एकाच इमारतीत आणता आले तर आकडा सुधारतो. मला पूर्ण प्रस्तावात आवडलेली सूचना ती हीच, आणि खरं तर ती पाच दिवसांच्या शाळेतही शनिवारी राबवता येते.

वीज, गॅस, पाणी मिळून 7 लाख खर्च असेल तर त्यावर 8 टक्के, म्हणजे साधारण 55 हजार मी धरीन. सफाईत 60 हजार. विमा, दुरुस्ती, बर्फ काढायचा ठेका हे वर्षावर चालतात, तिथे काही नाही.

जेवण : बचत दाखवणारं पण तोटा देणारं खातं

इथे लोक हमखास फसतात. 12 लाखांच्या खर्चात अन्नपदार्थ साडेपाच लाखांचे आणि मजुरी 4 लाख. दोन्हींचे 20 टक्के, म्हणजे 1.9 लाख वाचले. स्लाइडवर एवढंच येतं.

पण शाळेचं जेवण हे स्वतंत्र खातं असतं आणि ते स्वतःची कमाई करतं. 1946 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय शालेय भोजन योजनेत केंद्र सरकार दर ताटामागे पैसे देतं. मोफत जेवणाच्या ताटाला सध्या साडेचार डॉलरच्या आसपास. ताट वाढलं नाही तर ते पैसेही नाहीत. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये ताटांवरची कमाई साडेअकरा लाख असेल, तर पाचवा हिस्सा जाताना 2.3 लाख गेले. वाचले 1.9. म्हणजे 40 हजारांचा खड्डा, आणि तो शेवटी सर्वसाधारण निधीतून भरावा लागतो. जितकी मुलं गरीब, जितकी मोफत ताटं जास्त, तितका हा खड्डा मोठा होण्याची शक्यता. त्या मुलांच्या शुक्रवारच्या दुपारचं काय, हा प्रश्न वेगळाच. काही शाळा गुरुवारी दप्तरात खाऊची पिशवी देतात. तिचा खर्च कुणाचा, तेही नोंदवा.

बदली शिक्षक

ही ओळ खरोखर वाचवते. डॉक्टर, दंतवैद्य, बँक, गाडीची कामं शिक्षक शुक्रवारी उरकतात, रजा कमी पडतात. बदली शिक्षकांवर 3 लाख जात असतील तर 60 हजार वाचले असं मानायला हरकत नाही. फक्त आजारपणाच्या रजा यातून कमी होत नाहीत, तेव्हा यापेक्षा मोठा आकडा दिसला तर थोडं थांबा.

शुक्रवारचे नवे खर्च आणि बेरीज

शाळा बंद, पण मुलं तर आहेत. बहुतेक डिस्ट्रिक्ट शुक्रवारी निदान एका इमारतीत मुलं सांभाळायची किंवा मागे पडलेल्यांना शिकवायची सोय करतात. कॅन्सस सिटीजवळच्या इंडिपेंडन्स डिस्ट्रिक्टने, जिथे सुमारे 14,000 मुलं आहेत, 2023-24 पासून सोमवार बंद केले तेव्हा त्या दिवशी मुलांना सांभाळायची व्यवस्थाही उभी करावी लागली. आपण 50 हजार धरू. विशेष शिक्षणाच्या आराखड्यात ‘आठवड्याला इतकी मिनिटं वाचा-उपचार’ असं लिहिलेलं असतं. दिवस घटले म्हणून ती मिनिटं घटत नाहीत, थेरपिस्टचं वेळापत्रक मात्र फाटतं. त्याचे आणखी 20 हजार.

आता ताळा करा. बस 75 हजार, इमारत 1 लाख 15 हजार, बदली शिक्षक 60 हजार : जमा अडीच लाख. जेवणाचा खड्डा 40 हजार आणि शुक्रवारचे 70 हजार वजा. उरले 1 लाख 40 हजार डॉलर. तीन कोटींवर अर्धा टक्काही नाही, 0.47.

ही रक्कम क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. लाभांसह दीडेक शिक्षक त्यातून राहू शकतो, आणि लहान शाळेत एक संगीतशिक्षिका टिकणं ही मोठीच गोष्ट असते. पण 2,000 मुलांमागे ती माणशी 70 डॉलर येते. वर्षातले साधारण 36 शुक्रवार धरले तर शुक्रवारी एका मुलामागे दोन डॉलरही नाहीत. बैठकीत टक्के सांगू नका, हा आकडा सांगा. पालकांना टक्के कळत नाहीत असं नाही, पण दोन डॉलर ऐकल्यावर खोली शांत होते. मी ते अनुभवलं आहे.

जमेची बाजूही हलते

प्रस्तावात फक्त खर्च असतो. उत्पन्नाचं पान कोरं असतं, ते तुम्ही भरा.

राज्याची मदत पटावर किंवा सरासरी हजेरीवर मिळते. समजा एका मुलामागे 8,000 डॉलर येतात. आपली बचत 1.4 लाख भागिले 8,000 केली तर साडेसतरा. म्हणजे अठरा मुलं शेजारच्या पाच दिवसांच्या डिस्ट्रिक्टमध्ये गेली की वर्षभराची कमाई पुसली. (अठरा मुलं वेगवेगळ्या वर्गांतून गेली तर त्यांच्यामागचा खर्च फारसा कमी होत नाही, हे कुठल्याही शाळेच्या लेखापालाला विचारा.) उलटही घडू शकतं, हजेरीचं प्रमाण सुधारू शकतं. म्हणून शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये ये-जा करणाऱ्या मुलांचे मागच्या पाच वर्षांचे आकडे काढून ठेवा.

राज्य सरकारही डाव बदलू शकतं. मिझुरीत 2024 साली झालेल्या कायद्याने मोठ्या शहरांतल्या डिस्ट्रिक्टना चार दिवसांसाठी मतदारांची मंजुरी घ्यायला लावली आणि वर्षाला निदान 169 दिवस शाळा भरवणाऱ्यांना राज्याच्या मदतीत आधी 1 टक्का, मग 2 टक्के वाढ ठेवली. अर्धा टक्का वाचवण्यासाठी तो जादा पैसा सोडायचा, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणि प्रॉपर्टी टॅक्स. डेन्व्हरच्या उत्तरेला ब्रायटन भागातल्या 27जे डिस्ट्रिक्टमध्ये मतदारांनी कर वाढवायला वारंवार नकार दिल्यावर 2018 पासून सोमवार बंद झाले. नंतरच्या एका अभ्यासात तिथल्या घरांच्या किमती आसपासच्या भागांच्या तुलनेत 2 ते 4 टक्क्यांनी मागे पडल्याचं दिसलं. शाळा ज्या करावर चालते तो कर ज्या घरांवर बसतो, ती ही घरं.

बजेटबाहेरचे खिसे

एक वेगळं पान करून त्यावर ‘डिस्ट्रिक्टच्या हिशेबात न येणारे खर्च’ असं लिहा. दोघंही नोकरी करणाऱ्या घराला शुक्रवारी डे-केअर शोधावं लागतं. त्याचे दिवसाचे 40-50 डॉलर गेले तर शाळेने वाचवलेल्या दोन डॉलरशेजारी ते लिहून पाहा. खर्च नाहीसा झालेला नाही, या खिशातून त्या खिशात गेला. शेतावर काम करणाऱ्या, मोठी भावंडं घरी असलेल्या किंवा आजी-आजोबा जवळ राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न येत नाही, म्हणून लहान गावात ही योजना लोकप्रिय असते आणि उपनगरात भांडणं होतात.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट उलटीकडून घडली. 2008 पासून तिथल्या प्राथमिक शाळा चार दिवसांत 24 तास भरत होत्या. 2013 च्या सुधारणेने तेच तास साडेचार दिवसांत पसरवले. रोज दुपारी मुलं लवकर सुटू लागली आणि त्या वेळेत त्यांना गुंतवायचा भार नगरपालिकांवर पडला. सरकारने मुलामागे वर्षाला 50 युरो दिले, गरीब गावांना आणखी 40, पण ओरड थांबली नाही. 2017 मध्ये परत चार दिवसांची मुभा मिळताच बहुतेक गावं माघारी गेली. तास हलवले की ज्याच्या पदरात मूल पडतं त्याचं बजेट हलतं.

खरं कारण पैसे नसतील तर

अलीकडे बरेच सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, मोकळेपणाने सांगतात की बचत गौण आहे, शिक्षक मिळावेत म्हणून हे करतोय. पगार वाढवता येत नाही, निदान सुट्टी तरी देतो. हे प्रामाणिक कारण आहे, पण त्याचाही हिशेब होतो. शिक्षक सोडून गेला की जाहिरात, मुलाखती, नव्याचं प्रशिक्षण यांवर किती जातं ते विचारा आणि मागच्या पाच वर्षांत किती गेले त्याने गुणा. मग पुढचा प्रश्न : शेजारचे सगळेच डिस्ट्रिक्ट चार दिवसांवर गेले तर तुमचं आकर्षण उरतं का? पहिल्याला फायदा होतो, पाचव्याला फक्त बरोबरी. ब्रायटनच्या त्याच अभ्यासात शिक्षक टिकण्याचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलेलं आढळलं, तेव्हा ‘शिक्षक थांबतील’ हे वाक्य आकड्याशिवाय स्वीकारू नका.

शिक्षणावरचा परिणाम हा या लेखाचा विषय नाही, पण तो पैशांत परत येतो म्हणून एवढंच. ओरेगॉनमधल्या शाळांवर पॉल थॉम्पसन यांनी केलेल्या अभ्यासात गणित आणि वाचन दोन्हींत घसरण दिसली. जिथे वर्गातले तास कमी झाले नाहीत तिथे नुकसान कमी असतं, असंही त्यांच्या कामातून पुढे आलं. बाजूला लिहून ठेवलेले ते 58 तास इथे लागतात. तास राखायचे तर दिवस लांबतो आणि बचत आटते. बचत वाढवायची तर तास जातात, मग उन्हाळ्यात जादा वर्ग, त्याला शिक्षक, बस आणि पुन्हा वातानुकूलन.

मतदानाआधी ठरावात काय लिहून घ्यायचं

पाया-वर्ष कुठलं, ते आधी. डिझेल महाग असलेल्या वर्षाशी स्वस्त वर्षाची तुलना केली की बचत आपोआप दिसते, म्हणून डॉलरबरोबर गॅलन, युनिट, मैल, ताटं आणि बदली शिक्षकांचे दिवस हेही नोंदवायला लावा. भाव बदलतात, गॅलन खोटं बोलत नाही.

वाचलेला पैसा कुठे जाणार हेही लिहून घ्या. ‘वर्गांसाठी’ असं मोघम नको, कुठल्या ओळीत किती ते हवं. आमच्याकडे पहिल्या मसुद्यात ही ओळ रिकामी होती, आणि ती भरा म्हटल्यावर चर्चेचा सूरच बदलला.

दोन वर्षांनी बाहेरच्या लेखापालाकडून तपासणी, आणि अमुक रकमेखाली बचत असेल तर पाच दिवस परत, असं स्पष्ट कलम ठेवा. त्या परतीचा खर्चही आजच काढा. शुक्रवारच्या फेऱ्या बंद होताना गेलेले चालक दोन वर्षांनी फोन केल्यावर येत नाहीत. स्वयंपाकघरातल्या ज्या बाईंनी आठवड्याला चोवीस तासांच्या पगारावर विमा नाही म्हणून रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये नोकरी धरली, त्याही येत नाहीत. नवीन माणसं आजच्या बाजारभावाने घ्यावी लागतात. आमच्या स्प्रेडशीटची शेवटची ओळ तीच होती, आणि तिच्यात आम्ही 11 चालकांचे परवाना-प्रशिक्षणाचे पैसे धरले होते.